डब्ल्यूएलएस, 890 किलोहर्ट्झ: शेतकऱ्यांचं केंद्र, पोरांचं केंद्र, वादाचं केंद्र

शिकागोचं डब्ल्यूएलएस हे मध्यम लहरींवरचं केंद्र 12 एप्रिल 1924 ला सुरू झालं. शंभर वर्षांत त्याने दोनदा पूर्ण कात टाकली. 2 मे 1960 ला शेतकी केंद्राचं 'टॉप फोर्टी', म्हणजे सर्वांत चालणारी चाळीसेक गाणी फिरवून वाजवणारं केंद्र, झालं आणि 23 ऑगस्ट 1989 ला संध्याकाळी सात वाजता गाणी बंद पडून टॉक रेडिओ सुरू झाला. या दोन्ही वेळी नाव तेच राहिलं, 50 किलोवॉटची शक्ती तीच राहिली, आणि 1941 पासून डायलवरची जागाही तीच आहे. फॉरमॅट, म्हणजे केंद्राच्या कार्यक्रमांचा ठरलेला साचा, का बदलतो हे तपासायला असं प्रकरण क्वचित मिळतं. एरवी मालक, लहर, शक्ती आणि शहर यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम बदलतात आणि मग कशाचा परिणाम कशावर हे कळत नाही.

लोकांची आवड बदलली म्हणून केंद्र बदललं, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. 50 किलोवॉटचा आवाज जिथपर्यंत जातो तिथल्या माणसाला काय विकता येतं, यावर डब्ल्यूएलएसचा प्रत्येक फॉरमॅट उभा होता. ते गणित मोडलं की फॉरमॅटही मोडला.

टपालाने माल विकणाऱ्यांचं केंद्र

सीअर्स, रोबक ही शिकागोची कंपनी जाडजूड कॅटलॉग घरोघर पाठवायची आणि टपालाने माल पुरवायची. तिचं फार मोठं गिऱ्हाईक खेड्यात होतं. कंपनीने शेतीविषयक एक प्रतिष्ठान काढलं आणि त्याच्या हाती हे केंद्र दिलं. चाचणीच्या दिवसांत खूण होती डब्ल्यूईएस; अधिकृत प्रक्षेपणाला ती डब्ल्यूएलएस झाली. ही 'जगातलं सर्वांत मोठं दुकान' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. जाहिरात केंद्राच्या नावातच होती, त्यामुळे कार्यक्रमात ती फार करावी लागली नाही.

पहिल्याच आठवड्यानंतर, शनिवार 19 एप्रिल 1924 ला, रात्री खेड्यातल्या खळ्यावरच्या नाचगाण्यांचा कार्यक्रम लागला. पुढे तो 'नॅशनल बार्न डान्स' म्हणून गाजला. तिथला निवेदक जॉर्ज डी. हे (Hay) दुसऱ्याच वर्षी नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएमला गेला आणि त्याच धर्तीवरचा कार्यक्रम तिथे सुरू केला. तोच आजचा 'ग्रँड ओल ऑप्री'. कंट्री संगीताची राजधानी नॅशव्हिल असली तरी रेडिओवरचा तिचा साचा शिकागोत घडला होता, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं.

कार्यक्रम आणि कॅटलॉग यांची सांगड किती पक्की होती ते गिटारींवरून दिसतं. ब्रॅडली किंकेड हा या केंद्राचा लोकगीत गाणारा. त्याच्या 'हाउंड डॉग' नावाची गिटार सीअर्सच्या कॅटलॉगात आली. नंतर जीन ऑट्री या गायकाच्या नावाचीही आली. गाणं शनिवारी रात्री ऐकायचं, गिटार सोमवारी टपालाने मागवायची. श्रोता शिकागोपासून दहा मैलांवर असो की चारशे मैलांवर, दुकानाच्या दृष्टीने तो सारखाच, कारण टपाल दोघांकडे पोचतं. पुढे जे घडलं त्याची किल्ली याच वाक्यात आहे.

1928 मध्ये सीअर्सने केंद्र 'प्रेअरी फार्मर' या शेतकी नियतकालिकाला विकलं. बरिज बटलर हे त्याचे मालक-प्रकाशक. सकाळी हवामान आणि शिकागोच्या जनावर-बाजारातले डुकरा-गुरांचे भाव, दुपारी शेतकरी जेवायला घरात असताना 'डिनर बेल', शनिवारी रात्री बार्न डान्स असा क्रम पक्का झाला. आकाशवाणीवर संध्याकाळी बाजारभाव ऐकलेल्या कुणालाही हा ढाचा ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की इथे बाजारभावाच्या मागे बियाणं, पशुखाद्य आणि कोंबडीची पिल्लं विकणारे पैसे मोजत होते. 1932 पासून बार्न डान्स एट्थ स्ट्रीट थिएटरात तिकीट लावून होऊ लागला आणि 1933 मध्ये अल्का-सेल्टझर या औषधाच्या जाहिरातीच्या पैशावर एनबीसीच्या देशभरच्या रेडिओ-जाळ्यावर गेला. म्हणजे त्याच कार्यक्रमातून तिकिटाचेही पैसे येत आणि जाहिरातीचेही.

याच शेतकी केंद्राच्या हातून रेडिओच्या इतिहासातलं एक मोठं ध्वनिमुद्रण झालं. 6 मे 1937 ला न्यू जर्सीत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हवाई जहाज जळालं तेव्हा डब्ल्यूएलएसचा हर्बर्ट मॉरिसन आणि तंत्रज्ञ चार्ल्स नेल्सन तिथे होते. ते थेट प्रक्षेपण नव्हतं. प्रेस्टो यंत्रावर लाखेचा थर दिलेल्या तबकड्या सुईने कोरल्या जात होत्या. स्फोटाच्या हादऱ्याने कोरणारी सुई तबकडीत रुतली आणि नेल्सनने ती पटकन सावरली. मूळ तबकडीवर तो ओरखडा दिसतो. यंत्र किंचित हळू फिरत होतं, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर मॉरिसनचा आवाज प्रत्यक्षापेक्षा बारीक आणि घाईचा येतो. आपण वर्षानुवर्षं ऐकतो तो हुंदका काही अंशी चकतीच्या वेगातल्या चुकीचा आहे. एनबीसीने मुद्रित आवाज न लावण्याचा स्वतःचा नियम या तबकड्यांसाठी मोडला.

50 किलोवॉट म्हणजे नेमकं काय

890 किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 337 मीटर. पाव लांबीचा मनोरा 84 मीटरचा होतो, पण मोठी केंद्रं सुमारे 0.53 लांबीचा, म्हणजे इथे जवळजवळ 178 मीटरचा मनोरा पसंत करतात. कारण उंचीच्या हव्यासापेक्षा वेगळं आहे. दिवसा आवाज जमिनीला धरून जातो. रात्री वरच्या वातावरणातला शोषणारा थर विरतो आणि आकाशातून परतलेली लहरही येऊन पोचते. ज्या अंतरावर दोन्ही लहरी सारख्या ताकदीच्या असतात तिथे त्या कधी एकमेकींना वाढवतात, कधी खाऊन टाकतात. आवाज लाटेसारखा येतो-जातो आणि फाटतो. 0.53 चा मनोरा तिरकी वर जाणारी शक्ती कमी करतो, म्हणून हा फाटका पट्टा शहरापासून लांब ढकलला जातो.

मनोऱ्याखाली जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरतात. अमेरिकेत रूढ आकडा 120 तारा, प्रत्येक पाव तरंगलांबीची. 890 ला ती बेरीज दहा किलोमीटरच्या वर जाते. या तारा गंजल्या, नांगराने तुटल्या किंवा चोरीला गेल्या तरी ट्रान्समीटरच्या मीटरवर फारसं काही दिसत नाही, पण दूरचा आवाज महिन्यामहिन्याने खालावत जातो. इलिनॉयची काळी, ओल धरणारी माती विजेची चांगली वाहक आहे, त्यामुळे इथले 50 किलोवॉट खडकाळ मुलखातल्या तेवढ्याच शक्तीपेक्षा बरेच लांब जातात.

शिवाय ही 'क्लिअर चॅनल' जागा. 1928 च्या फेरवाटपात काही लहरींवर रात्री देशभर एकच मोठं केंद्र ठेवायचं ठरलं. डब्ल्यूएलएसला मात्र ही जागा एकट्याला मिळाली नाही. डब्ल्यूईएनआर या दुसऱ्या शिकागो केंद्राबरोबर दिवसाचे तास वाटून घ्यावे लागले. शनिवारची रात्र डब्ल्यूएलएसकडे राहिली, बाकीच्या बऱ्याच रात्री दुसऱ्याकडे. 29 मार्च 1941 च्या आंतरराष्ट्रीय फेरबदलात दोघं मिळून 870 वरून 890 ला सरकली. 1954 मध्ये दोन्ही केंद्रं एक झाली, डब्ल्यूईएनआर हे नाव गेलं आणि एबीसी कंपनी अर्ध्या वाट्याची मालक बनली. तेव्हा कुठे केंद्राला पूर्ण चोवीस तास मिळाले. हा मुद्दा सहसा कुणी मांडत नाही, पण अर्ध्या दिवसाच्या केंद्रावर टॉप फोर्टी चालवणं शक्यच नव्हतं.

मे 1960

पन्नाशीच्या दशकात संध्याकाळ टीव्हीने नेली. शेतावरची माणसं कमी होत गेली. आणि ऑक्टोबर 1954 मध्ये रीजन्सीचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ 49 डॉलर 95 सेंटला आला, पुढच्या पाच-सहा वर्षांत खिशातले संच स्वस्त झाले. रेडिओ बैठकीतून उठून पोरांच्या हातात गेला. एबीसीने 'प्रेअरी फार्मर'कडचा उरलेला वाटाही घेतला आणि 30 एप्रिल 1960 च्या शनिवारी बार्न डान्स डब्ल्यूएलएसवर शेवटचा झाला. तो पुढे काही वर्षं शिकागोच्याच डब्ल्यूजीएनवर चालला. सोमवारी सकाळी सहाला मॉर्ट क्रॉवलीने नवा फॉरमॅट उघडला. कार्यक्रम-प्रमुख होता सॅम होलमन.

जुने श्रोते संतापले, पत्रं आली. पहाटेचा शेतकी कार्यक्रम मात्र ठेवला गेला. परवान्याच्या नूतनीकरणाला 'सार्वजनिक हित' दाखवावं लागे, आणि पहाटे पाचला शाळकरी पोरं झोपलेलीच असतात. एबीसीच्या जाळ्यावरचा 'ब्रेकफास्ट क्लब' हा जुन्या वळणाचा गप्पांचा कार्यक्रमही मालकाचा म्हणून सकाळच्या रॉक गाण्यांत ठिगळासारखा बसवावा लागला. तो 1968 च्या डिसेंबरात संपला. फॉरमॅट एका रात्रीत बदलतो असं म्हणतात, पण मालकाच्या जाळ्यावरचे करार इतक्या लवकर सुटत नाहीत.

टॉप फोर्टी चालवणं म्हणजे तासाचं घड्याळ आखणं. त्या काळच्या व्यावसायिक संहितेत तासाला 18 मिनिटं जाहिरातींची कमाल होती. समजा 15 मिनिटं जाहिराती आणि 5 मिनिटं बातम्या. उरली 40. गाणं सरासरी अडीच मिनिटांचं, तेव्हा जिंगल आणि निवेदकाचं बोलणं धरून 14 ते 15 गाणी बसतात. निवेदकाने गाण्याच्या वाजत्या सुरुवातीवर बोलायचं आणि गायकाचा आवाज येण्याआधी थांबायचं. यात वेळही वाचतो आणि तासाचा वेगही टिकतो.

खरी मेख आहे ती गाणी फिरवण्यात. सर्वांत चालणाऱ्या गाण्यांचा एक गट करून त्यातली तासाला तीन लावली, तर दिवसात 72 जागा होतात. गटात सहा गाणी ठेवली तर 72 ला सहाने नि:शेष भाग जातो, आणि मंगळवारी साडेसातला लागलेलं गाणं बुधवारीही साडेसातलाच लागतं. शाळेच्या बसमधल्या पोराला वाटतं, हे केंद्र एकच गाणं वाजवतं. गटात पाच किंवा सात ठेवली की बाकी दोन उरते आणि गाणं रोज सरकत जातं. हे न कळलेल्या कार्यक्रम-प्रमुखांनी चांगली यादी हाती असताना श्रोते गमावले आहेत.

यादी निवेदकाच्या हातून काढून घेण्याला आणखी एक कारण होतं. 1960 च्या सुरुवातीला अमेरिकी संसदेसमोर 'पेओला'ची, म्हणजे गाणं लावण्यासाठी निवेदकाला चारलेल्या पैशांची, सुनावणी चालू होती. यादी कार्यालयात ठरली आणि छापून दुकानांत वाटली की जबाबदारी दाखवता येते. 14 ऑक्टोबर 1960 पासून 'सिल्व्हर डॉलर सर्व्हे' ही साप्ताहिक यादी निघू लागली. मार्च 1963 च्या यादीत खालच्या क्रमांकांवर एक इंग्रज चमू आहे, नावात एक 'टी' जास्त छापलेला: बीटल्स. त्यांची ती तबकडी शिकागोच्याच व्ही-जे कंपनीने काढली होती. बाकी अमेरिकेला ते नाव कळायला जवळजवळ वर्ष लागलं.

आवाजाची साखळीही बदलली. 45 फेऱ्यांची तबकडी निवेदक पाव फेरा मागे घेऊन सज्ज ठेवतो, त्यात गाण्याच्या आरंभाची खोबण झिजते आणि खरखर येते. रोज दहा-बारा वेळा वाजणारं गाणं आठवड्यात वाया जाई. म्हणून गाणी, जिंगल, जाहिराती 'कार्ट'वर गेल्या. ही पाव इंची फितीची न संपणारी गुंडाळी, वेग सेकंदाला साडेसात इंच, आणि सुरुवातीला 1000 हर्ट्झची न ऐकू येणारी खूण, जिच्यावर यंत्र आपोआप थांबतं. फितीच्या पाठीचा ग्राफाइटचा लेप झिजला की ती अडखळते, आणि वाचणाऱ्या हेडचा कोन जरा सरकला तरी वरचे सूर जातात. मग कॉम्प्रेसर, म्हणजे लहान-मोठा आवाज एका पातळीला आणणारं यंत्र, आणि थोडा घुमारा. खिशातल्या दोन इंची स्पीकरवर आवाज भरलेला वाटावा म्हणून हे सगळं. पुढे धन बाजूला 125 टक्के मॉड्युलेशनची, म्हणजे लहरीवर आवाज आणखी जोराने चढवण्याची, परवानगी मिळाली, तेव्हा 50 किलोवॉटच्या केंद्राची क्षणिक शिखर-शक्ती 250 किलोवॉटच्या वर जाऊ लागली. त्याला न पुरणारा मॉड्युलेटर किंवा मनोऱ्यापाशी ढिला पडलेला जोड असेल तर ठिणगी तिथेच पडते.

रात्री नऊ ते बारा डिक बियोंडी असायचा. आकाशातून परतणाऱ्या लहरीमुळे तो निम्म्या अमेरिकेच्या पोरांचा झाला. पण इथे जुनं गणित उलटं झालं होतं. शिकागोच्या मोटारविक्याला अलाबामातल्या श्रोत्याचा काही उपयोग नाही, आणि श्रोते मोजणारे शिकागो परिसरच मोजत. लांबच्या पोचीने कीर्ती दिली, पैसे दिले नाहीत. सीअर्ससाठी तीच पोच पैसा होती. 1963 मध्ये जाहिरातींच्या प्रमाणावरून व्यवस्थापनाशी वाजलं आणि बियोंडी बाहेर पडला. पण फॉरमॅट त्याच्याशिवायही चालला.

साठीच्या मध्यापासून शिकागो कामगार महासंघाच्या डब्ल्यूसीएफएल, 1000 किलोहर्ट्झ, या केंद्राशी थेट झुंज लागली. निवेदक लॅरी लुजॅक दोन्हीकडे गेला-आला. 15 मार्च 1976 ला डब्ल्यूसीएफएलने शांत वाद्यसंगीत स्वीकारलं. बदलाआधीचे शेवटचे तास लुजॅकच्या निरोपानंतर समुद्राच्या लाटांचा आवाज लावून काढले. डब्ल्यूएलएस जिंकलं, पण जिंकलेलं मैदान तोवर ओस पडू लागलं होतं.

एफएम आणि 1989

साठीच्या मध्यात अमेरिकी नियामकाने मोठ्या शहरांतल्या मालकांना एफएमवर एएमचीच, म्हणजे मध्यम लहरींवरच्या केंद्राचीच, नक्कल दिवसभर चालवायला मनाई केली. मालकांना नाइलाजाने एफएमसाठी वेगळं काही शोधावं लागलं आणि तिथे रॉक वाढलं. सत्तरीच्या अखेरीस देशात एफएमचे श्रोते एएमहून जास्त झाले. डब्ल्यूएलएसची एफएम बहीण 94.7 वर होती. तिने 1978 च्या नाताळात रॉक सोडून डिस्को धरलं, त्यात स्टीव्ह डाल या निवेदकाची नोकरी गेली, आणि त्याच्या डिस्कोविरोधी मोहिमेने जुलै 1979 मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात दंगल उसळली. फॉरमॅट-बदलाचे परिणाम इतके लांब जाऊ शकतात.

एएमला वाचवायला 'एएम स्टिरिओ' आणला, पण 1982 मध्ये नियामकाने एक मानक न निवडता बाजारावर सोडलं. संच बनवणारे थांबून राहिले. 1993 मध्ये सी-क्वाम हे मानक ठरलं तेव्हा संगीताचा श्रोता केव्हाच गेला होता. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीने मे 1982 मध्येच गाणी सोडली. डब्ल्यूएलएस आणखी सात वर्षं रेटत राहिलं. आमच्या मते ही सात वर्षं उशिराची होती.

टॉकला अरुंद पट्टा पुरतो. बोलण्याचा अर्थ टेलिफोनच्या 300 ते 3400 हर्ट्झमध्येही पोचतो. 1987 मध्ये दोन्ही बाजूंना वाव देण्याचं बंधन रद्द झालं आणि 1988 पासून रश लिंबॉ या उजव्या विचारांच्या निवेदकाचा कार्यक्रम देशभर वितरित होऊ लागला. वादग्रस्त एकतर्फी बोलणं स्वस्तात मिळू लागलं.

तांत्रिक कटकट मात्र वेगळीच सुरू झाली. फोनवरच्या माणसाला केंद्राचा सगळा आवाज परत पाठवला तर त्याचाच आवाज त्याच्याकडे फिरून शिट्टी वाजते. म्हणून त्याचा स्वतःचा आवाज वजा केलेलं मिश्रण पाठवावं लागतं. शिवी गाळायला सात सेकंदांचा विलंब ठेवतात. जुन्या फितीच्या यंत्रात साडेसात इंच वेगाला मुद्रण आणि वाचन हेडांमध्ये साडेबावन्न इंच फीत ताणावी लागे, आणि बटण एकदा दाबलं की ती सात सेकंदं भरून येईपर्यंत दुसऱ्या शिवीला आडकाठी नसे. घरात रेडिओ मोठ्याने लावून फोन करणारा श्रोता स्वतःचंच सात सेकंदांपूर्वीचं बोलणं ऐकून गोंधळतो. म्हणून 'आधी रेडिओ बंद करा' हे वाक्य टॉक रेडिओवर सतत ऐकू येतं.

बाहेरून येणाऱ्या कार्यक्रमाचं घड्याळ आपलं नसतं. जाहिरातींच्या फटी ठरलेल्या सेकंदाला उघडतात. स्थानिक जाहिरात दोन सेकंद लांबली तर बाहेरच्या कार्यक्रमाचं पहिलं वाक्य कापलं जातं. पैशाच्या बाजूने मात्र सीअर्सच्या दिवसांचं थोडं परत आलं: सोनं, विमा, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सगळं फोन नंबर देऊन विकलं जातं, आणि मग श्रोता कुठला याला पुन्हा महत्त्व उरत नाही.

2007 मध्ये केंद्र डिस्नेकडून सिटाडेलकडे आणि 2011 मध्ये क्युम्युलसकडे गेलं. शिकागोत जाणाऱ्यांनी भारतातून नेलेला डिजिटल संच आधी तपासावा: आपल्याकडे मध्यम लहरींच्या जागा 9 किलोहर्ट्झच्या पायरीने आहेत, तिथे 10 च्या, आणि पायरीचं बटण बदललं नाही तर संच 882 वरून 891 ला उडी मारतो, 890 नेमकं लागत नाही. शिवाय हल्ली एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या गोंगाटामुळे शहरातल्या इमारतीत 50 किलोवॉटही खिडकीपाशीच नीट ऐकू येतात. 2020 मध्ये अमेरिकेत पूर्ण डिजिटल एएमला परवानगी मिळाली. गोंगाट त्याने जातो, पण जुन्या संचावर मग फक्त सूंऽऽ आवाज उरतो, आणि ज्या केंद्राचे बहुतेक श्रोते जुन्याच संचांवर ऐकतात त्याने हा व्यवहार करावा असं कुठलंही गणित सध्या मांडता येत नाही.